पुढचे दोन दात

आईची कवळी पुन्हा हरवली आहे, असं सिस्टर फोनवर सांगत होत्या तेव्हा मी एका निवृत्त बँकवाल्याच्या वरच्या जबड्यात सुळे बसवत होते. जबडा प्लास्टरचा, हिरड्या मेणाच्या, सुळा चिमट्यात. सुळा केसभर वळला तरी सभ्य माणूस लबाड दिसायला लागतो, म्हणून त्या वेळी मी कुणाशी बोलत नाही. पण वृद्धाश्रमाचा नंबर दिसला की घ्यावाच लागतो. गादीखाली बघितलं, बेसिनमध्ये बघितलं, धुण्याच्या कपड्यांत बघितलं, कुठेच नाही, असं सिस्टर म्हणाल्या. आधीची हरवली तेव्हाही तुम्ही हेच सगळं बघितलं होतं, असं मी म्हणाले. त्या हळूच म्हणाल्या, आज्जींचं वजन उतरतंय, तेवढं मनावर घ्या. चिमट्यातला सुळा मेणात तिरका रुतून बसला. मनावर घ्या म्हणे. इतकी वर्षं मी दुसरं काय घेतलंय मनावर? लग्न नाही घेतलं, घर नाही घेतलं, परगावची नोकरी चालून आली तीसुद्धा नाही घेतली. आमच्या कामात पॉलिशचं यंत्र चालवणारा माझा भागीदार आहे, त्याला आम्ही सगळे पॉलिशवालाच म्हणतो. त्याने यंत्र बंद केलं आणि विचारलं, काय, आज्जी कवळ्या खातात की काय? मी हसले. हसताना हात आपोआप तोंडावर गेला. ती सवय अजून गेलेली नाही.

लोकांना वाटतं दात डॉक्टर करतात. डॉक्टर तोंडं बघतात, मापं घेतात आणि आमच्याकडे पाठवतात. दात आम्ही करतो, एका दुकानावरच्या लांबट खोलीत, जिथे खिडकीच्या काचेवर कायम प्लास्टरची पांढरी धूळ असते आणि फळीवर ओळीने अनोळखी माणसांचे जबडे ठेवलेले असतात. माणसं मला रस्त्यात ओळखू येत नाहीत, पण तोंड उघडलं की मी सांगू शकते, हे आपलं काम. आईचे दात गेले तेव्हा तिचं माप मी स्वतः घेतलं होतं, डॉक्टरला हात लावू दिला नव्हता. तिच्या टाळूवर डावीकडे एक बारीक उंचवटा आहे, तो मला पाठ आहे. तिच्या हिरड्या कुठे मऊ आहेत, कुठे दाबलेलं सहन होत नाही, हे मला माहीत आहे. तिची पहिली कवळी मी इतका जीव लावून केली होती की बसवल्यावर आरशात बघून ती म्हणाली होती, अगं, माझे होते तेव्हासुद्धा इतके चांगले नव्हते. आयुष्यात तिने माझ्या कामाचं एवढं एकदाच कौतुक केलं. आता ती कवळी हरवली होती, त्याच मापावरून केलेली दुसरीही हरवली होती, आणि मी पांढऱ्या कोटातच बाहेर पडले, कारण कोट काढायचं सुचलंच नाही.

आश्रमात तिसऱ्या मजल्यावर विसरणारी माणसं राहतात. ज्याला त्याला आपली खोली सापडावी म्हणून तिथली दारं वेगवेगळ्या रंगांत रंगवली आहेत आणि तरी सगळे चुकतात. आईचं दार पिवळं. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, अंगावर शाल, आणि शालीच्या आत मांडीवर ते ध्यान. ध्यान म्हणजे रोबोट. गेल्या हिवाळ्यात आश्रमाने असे तीन आणले. कंपनीने त्यांना काहीतरी नाव दिलं होतं, ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. अंगावर मऊ, मळखाऊ लोकर, पोटात ऊब, गोल गोबरा रबरी चेहरा, मोठे डोळे आणि ते सावकाश मिटणं उघडणं. हनुवटीखाली बोट फिरवलं की तोंड उघडतं आणि आतून हसल्यासारखा आवाज येतो. बोलायला फार येत नाही. हो का, मग, आणि मी इथेच आहे, एवढंच. मजल्यावर सगळ्यांनी ते आळीपाळीने घ्यायचे असं ठरलं होतं. आईकडे एक आला तो आलाच. ती त्याला पिल्लू म्हणते. पिल्लू आल्यापासून संध्याकाळी दाराशी जाऊन घरी सोडा म्हणून ओरडणं थांबलं, एक गोळी कमी झाली, रात्री झोप लागायला लागली. सिस्टरांनी हे मला मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. मलाही आनंद झाला. लिफ्ट खाली पोचेपर्यंत तो टिकला.

मला त्याचा हेवा वाटतो, हे मी सरळच सांगते. पोटात दुखतं. माणसाबद्दल वाटलं असतं तर मी ते स्वतःपासूनही लपवलं असतं, पण चार्जिंगच्या तबकावर ठेवावं लागणाऱ्या वस्तूशी काय लपवाछपवी करायची? आई त्याला तिच्या शाळेतली गोष्ट सांगते, धावण्याच्या शर्यतीत तिची चप्पल तुटली आणि ती एका पायात चप्पल घालून पहिली आली ती. ते म्हणतं, मग? ती पुन्हा सांगते. ते म्हणतं, हो का? सकाळी सांगितलेली गोष्ट दुपारी, दुपारची संध्याकाळी, आणि प्रत्येक वेळी याचे डोळे तितकेच मोठे. मी तिसऱ्यांदा ऐकलं की माझ्या तोंडून निघून जातं, आई, सांगितलंस हे. मग तिचा चेहरा उतरतो, आपण काहीतरी चुकलो एवढं तिला कळतं, काय चुकलं ते कळत नाही. हा गुन्हा त्याच्या हातून कधीच होणार नाही, कारण त्याला कंटाळाच येत नाही. ज्याला कंटाळा येत नाही त्याच्या प्रेमाचं कौतुक कसलं, असं मी बसमध्ये स्वतःला बजावते. पण खोलीत शिरल्यावर तिचा गाल त्याच्या लोकरीवर टेकलेला दिसला की सगळं बजावणं फुकट जातं. माझ्या गालाला तिचा गाल कधी लागला होता, मला आठवत नाही. लागला असेल. आमच्या घरात तसली रीत नव्हती.

“या दातवाल्या बाई,” आई म्हणाली. वर्षभरापासून मी तिची दातवाली बाई आहे. मुलगी म्हणून मी तिच्या डोक्यातून कधी गेले ते नेमकं सांगता येत नाही. एकदा तिला कवळी बोचत होती म्हणून मी तिच्या तोंडात बोट घालून बघत होते, तेव्हा ती सिस्टरांना म्हणाली, या बाई फार हलक्या हाताच्या आहेत हो. त्या दिवसापासून मी तेच. मी पुष्कळदा सांगून बघितलं. फोटो दाखवले. ती फोटो बघायची, माझ्याकडे बघायची आणि सभ्यपणे म्हणायची, असेल. मग मी सांगायचं सोडलं. निदान काही तरी आहोत आपण तिच्या लेखी, असं वाटायचं. पण दातवाली ती दातवालीच. दात नीट असले की तिला दातवालीची गरज नसते. पिल्लू मात्र रोजचं.

त्या दिवशी तिच्या गालांत खळगे पडलेले होते आणि ओठ आत गेले होते. मी खाली बसून विचारलं, कवळी कुठे ठेवली? तिने दाराकडे नजर टाकली, सिस्टर नाहीत असं बघून घेतलं आणि हसत हसत शाल बाजूला केली. रोबोटचं तोंड टम्म फुगलं होतं. आत माझी कवळी. मोठ्या माणसाची वरची कवळी त्या चिमुकल्या तोंडात आडवी कोंबलेली, गाल ताणलेले, डोळे नेहमीसारखे शांत मिटत उघडत. लोकरीच्या पोटाला बॅटरीसाठी चेन आहे, ती तिने उघडली. आत रुमालात गुंडाळलेली दुसरी, म्हणजे पहिली, हरवली म्हणून मी दोन रात्री झोपले नव्हते ती.

“बरं झालं तुम्हीच आलात,” आई हळू आवाजात म्हणाली, “याला नीट बसत नाहीत. जरा घासून द्या की. कधीपासून बिचारं नुसतं बघत बसतं मी जेवताना.”

मी म्हणाले, ते तुमचे आहेत. तुम्हाला लागतात जेवायला.

“मला काय करायचेत आता? माझं झालं खाऊन. त्याचं सगळं व्हायचंय अजून.”

तोंडातला घास काढून देणाऱ्या आया ऐकल्या होत्या. हिने दातच काढून दिले. आणि कुणाचे? तिच्या टाळूच्या उंचवट्याला मापून, दिव्याखाली डोळे फोडून मी जे केले ते. मला तेव्हा राग आला तो आईचा नाही. मी त्या रबरी तोंडात दोन बोटं घालून कवळी खसकन ओढून काढली. ते म्हणालं, हो का? मी ती बेसिनखाली खसाखसा धुतली, परत आले आणि तिला म्हणाले, आ करा. आईने ओठ घट्ट मिटून घेतले. मान हलवली. मी पुन्हा म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली, ओठ आत ओढून, आणि तिचा तो चेहरा बघताना माझ्याच ओठांना कळ लागली, कारण तसं तोंड मिटून बसायला मला तिनेच शिकवलं होतं.

माझे पुढचे दोन दात लहानपणी बाहेर होते. नुसते बाहेर नाही, एकावर एक चढलेले, उजवा डाव्याच्या अंगावर रेललेला. तोंड मिटलं तरी ओठांच्या मधून त्यांची कड दिसायची. शाळेत त्यावरून जे व्हायचं ते झालं. घरात कुणी काही बोलत नसे, म्हणजे वर्षातून एकदाच बोलत असे. वडिलांना दर वर्षी स्टुडिओत जाऊन फोटो काढायची हौस होती. एक जिना चढून वर गेलं की काळ्या पडद्याची खोली, मागे रंगवलेली बाग, दोन मोठे दिवे. वडील खुर्चीत, आई उभी, मी आईच्या पुढ्यात. फोटोवाला गमत्या होता. कॅमेऱ्यामागून डोकं काढून म्हणायचा, ससोबा, गाजर देऊ का? वडील खो खो हसायचे. त्यांना त्यात वाईट काही दिसायचं नाही, ते सगळ्यालाच हसायचे. मग आईचा हात माझ्या खांद्यावर यायचा, बोटं रुतायची आणि कानाशी तिचा आवाज, मीट तोंड. मी मिटायची. श्वाससुद्धा रोखायची. दिवा भपकन पेटायचा, डोळ्यांपुढे हिरवे ठिपके, आणि ते जायच्या आत मी सगळ्यांच्या आधी जिन्यावरून खाली पळत सुटायची. रस्त्यावर येऊन उभी राहायची, पाठ करून. ते सगळे फोटो माझ्याकडे आहेत. प्रत्येकात वडील हसतायत, आई कठोर चेहऱ्याने समोर बघतेय आणि मी तोंडात पाणी धरल्यासारखी उभी आहे. मीट तोंड. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी विसरले असते.

मी या धंद्यात का आले, असं कुणी विचारलं की मी सांगते, हाताला काम आवडतं. खरं कारण सगळ्यांना माझ्या तोंडावर दिसलं असतं, पण तोवर मी ते पुसून टाकलं होतं. आमच्याकडे अशी पद्धत आहे की शिकाऊ माणसाने पहिलं माप स्वतःच्या तोंडाचं घ्यायचं. थंडगार चिकट लगदा तोंडात भरून बसायचं, ओकारी दाबायची, म्हणजे पुढे दुसऱ्याच्या तोंडात भरताना अंगात दया राहते. मीही घेतलं. साच्यातून प्लास्टरचा जबडा बाहेर काढला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी ते दोन दात सगळ्या बाजूंनी बघितले. शिकवणारे मास्तर म्हणाले, ठेव जपून, नवशिक्याच्या हाताने इतकं स्वच्छ माप येत नाही. मी ठेवलं. आणि पहिल्या कमाईत दात नीट करून घेतले. तारा घातल्या, सोसल्या, काढल्या, आणि सरळ, एकसारखं हसू घेऊन घरी आले. आईने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. बरं झालं, म्हणाली, आणि आत निघून गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. त्या बरं झालंवर मी किती रात्री घालवल्या असतील. म्हणजे इतके वाईट होते का? म्हणजे एवढी वर्षं ती याचीच वाट बघत होती का? विचारलं कधीच नाही. आता विचारायला दोघींमधली एकच जागेवर आहे.

आणि ही बाई त्या रबराच्या गोळ्याला काय म्हणते, तर हस. दिवसभर तेच. हनुवटीखाली बोट फिरवायचं, तोंड उघडवायचं आणि म्हणायचं, हस की रे, हस, किती छान दिसतोस हसताना. पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा कपडे घडी करत होते. हातातला पेटीकोट तसाच धरून मी उभी राहिले होते.

रोबोट काढून घ्या, असं मीच सिस्टरांना सुचवलं. त्याच्यापायी ती दात लावत नाही, तर तोच नको. मी हे अगदी डॉक्टरी आवाजात म्हणाले. सिस्टर माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या, पण वजनाचा काटा त्यांनाही दिसत होता. आई दुपारी झोपलेली असताना तो उचलला आणि ऑफिसच्या कपाटात ठेवला. कपाटाचं दार मी बंद केलं. मला बरं वाटलं. इतकं बरं की मी पॉलिशवाल्याला फोन करून दोन दिवस येत नाही म्हणून कळवलं आणि आईच्या खुर्चीशेजारी खुर्ची ओढून बसले. त्याची जागा मोकळी होती. मी तिथे शिरायला बसले होते, दुसरं काय? आई जागी झाली, मांडी चाचपली, शाल झटकली, खाटेखाली बघितलं. मी म्हणाले, तुमच्या शर्यतीची गोष्ट सांगा ना. तिने सांगितली, अर्धवट, चपलेपर्यंत. मी म्हणाले, मग? ती थांबली. मी म्हणाले, हो का? मला माझ्याच आवाजाची शिसारी आली. पण मी थांबले नाही. तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, मी इथेच आहे. तिने हात सोडवून घेतला नाही. माझ्याकडे वळून, पाहुण्याशी बोलावं तशा समजुतीच्या स्वरात म्हणाली, “तुम्ही चांगल्या आहात हो बाई. पण माझं कुणीतरी होतं इथे.”

मग ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दूध घेतलं नाही, पाणी घोटभर. कवळी कपात तशीच. दुसऱ्या दिवशीही तेच. संध्याकाळी ती उठली, पिवळ्या दाराशी गेली आणि घरी सोडा म्हणून ओरडायला लागली, आधी मोठ्याने, मग आवाज बसेपर्यंत. मी तिला धरून ठेवलं होतं. तिच्या बरगड्या माझ्या हाताला लागत होत्या. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर नळीचं बोलतायत, नाकातून. एकदा नळी घातली की या वयात ती सहसा निघत नाही, हे त्यांनी मला सांगायची गरज नव्हती. मी किल्ली मागितली, स्वतः कपाट उघडलं आणि ते ध्यान स्वतः उचलून वर आणलं. थंड पडलं होतं. आईने ते घेतलं, शालीत घातलं आणि सगळ्यात आधी त्याचं तोंड उघडून आत बघितलं. रिकामं. तिने माझ्याकडे बघितलं ते मला सहन झालं नाही. मी म्हणाले, करून देते. त्याला त्याचे वेगळे करून देते. मग तुम्ही तुमचे लावाल ना?

“त्याचे झाले की लावीन,” आई म्हणाली.

तर असं झालं की माझ्या हाताखालून हजारो तोंडं गेली, पण मनात राग धरून माप घेतलं ते या एकाच तोंडाचं. आईने त्याला मांडीवर धरलं होतं. मी लगदा कालवला, छोट्या चमच्यात भरला, हनुवटीखाली बोट फिरवलं, तोंड उघडलं. ते म्हणालं, मग? आई त्याची पाठ थोपटत होती आणि मला बजावत होती, हळू हं बाई, लहान आहे. सिस्टर दारात उभ्या राहून वरिष्ठांना कळू नये म्हणून पाळत ठेवत होत्या आणि पदरात तोंड घालून हसत होत्या. मी शत्रूच्या हिरड्या बोटाने तपासत होते. गुळगुळीत, एकसारख्या, ना उंचवटा ना खळगा. आठवणीला धरून ठेवायला तिथे काहीच नव्हतं.

कामावर पॉलिशवाल्याने तो चिमुकला साचा दिव्यापाशी धरला आणि विचारलं, हे कुणाचं? मी सांगितलं. तो म्हणाला, याच्या दाताला किडीची भीती नाही, गॅरंटी लिहून द्यायला हरकत नाही. मी हसले नाही. मेण गरम करून बसले. ठरवलं होतं की दुधाचे दात करायचे, तांदळासारखे बारीक, सरळ, कुणालाही आवडतील असे. दोन दात मांडले, बघितले. मग उठले आणि मागच्या कपाटातून माझा जुना जबडा काढला. तो आईच्या जबड्याशेजारीच ठेवलेला असतो, दोन वाट्या ठेवाव्यात तसा. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. मला वाटलं, बघू तरी. याला ती हस म्हणते, कारण याच्या तोंडात काही नाही. याला माझे दात येऊ देत. उजवा डाव्यावर रेललेला, कड ओठाबाहेर. मग बघू किती छान दिसतो. मग म्हणेल यालाही. निदान एकदा तरी ती या जगात दुसऱ्या कुणाला ते म्हणेल आणि मी समोर बसून ऐकेन. तांदळाचे दाणे मी चिमट्याने उचलून बाजूला केले आणि माझे ते दोन दात लहान मापात, एकेक कड जुळवून, आयुष्यात कुठलंच काम केलं नसेल इतकं मन लावून केले.

ते बसले पण छान. रबराला धरून राहतील अशी आतून मऊ पट्टी लावली होती. दुपारची वेळ होती, खिडकीतून ऊन थेट आईच्या मांडीवर पडलं होतं. आधी तुमची, मी म्हणाले. कबूल केल्याप्रमाणे तिने आ केलं आणि मी कवळी चढवली. तिचे गाल भरले, चेहरा जागेवर आला. मग मी त्याच्या हनुवटीखाली बोट फिरवलं, दात बसवले, बोट काढून घेतलं आणि मागे सरून खुर्चीत बसले. मी अगदी समोर बसले होते, नाटकाला पुढची खुर्ची मिळावी तशी.

आईने त्याला दोन्ही हातांनी वर उचललं आणि बघितलं. अंगठ्याने उजवा दात चाचपला, मग डावा, मग एकावर एक चढलेली ती जागा. पुन्हा उजवा. तिचा अंगठा तिथेच फिरत राहिला. खोलीत कुठेतरी पाण्याच्या नळाचा आवाज होता.

“चिमे,” ती म्हणाली.

माझ्या तोंडून ओ निघाला. चिमी मला फक्त तीच म्हणायची, आणि तेही मी शाळेत असेपर्यंत. मी पुन्हा म्हणाले, काय गं आई? तिने माझ्याकडे बघितलंच नाही. जिभेवर बोट ओलं करून ती त्याच्या कपाळावरची लोकर बसवत होती, बाजूला भांग पाडावा तशी. मग तिने त्याला फिरवलं, पाठ आपल्या छातीला लावून पुढ्यात बसवलं, स्वतः खुर्चीत ताठ झाली आणि खिडकीकडे, उजेडाकडे बघायला लागली. तिचा हात त्याच्या खांद्यावर आला. बोटं लोकरीत रुतली.

“मीट तोंड,” ती म्हणाली.

मी त्याचीच वाट बघत होते. मी ते यासाठीच केलं होतं. मला एक घाणेरडा आनंद झाला, तो लपवत नाही. रोबोटचं तोंड आपोआप मिटलं, पण दात बाहेर राहिले, माझे राहायचे तसेच. मग मी आईचा चेहरा बघितला. तो चेहरा मी फोटोत शंभरदा बघितला होता आणि खरा एकदाही नाही, कारण त्या वेळी मी तिच्या पुढ्यात, कॅमेऱ्याकडे तोंड करून असायची. आज मी कॅमेऱ्याच्या जागी होते. ती खिडकीकडे अशी बघत होती की तिथे कुणी उभं असतं तर तो मागे सरला असता. त्या बघण्यात मुलीबद्दल काहीच नव्हतं. जबडा आवळलेला, नाकपुड्या फुललेल्या. तिचा तळवा खांद्यावरून वर आला आणि त्या दोन दातांवर पालथा झाला, झाकून, घट्ट. ती कुणाला तरी ते बघू देणार नव्हती. किती वेळ ती तशी बसून होती कुणास ठाऊक. मीही हलले नाही, मीच तो फोटोवाला असल्यासारखी.

मग तिने एकदम श्वास सोडला. खांदे खाली आले. तळवा काढला.

“गेला मेला,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “हस आता. हस गं चिमे.”

तिने हनुवटीखाली बोट फिरवलं. ते हसलं. ती त्याच्या वाकड्या दातांना गाल लावून बसली.

मी आठवायचा प्रयत्न करत होते. दिवा भपकन पेटायचा, हिरवे ठिपके, आणि मी जिन्यावर. प्रत्येक वेळी मी जिन्यावर. माझ्यामागे त्या काळ्या खोलीत ती काही म्हणायची का? दर वर्षी म्हणत असेल, आणि मी तोवर रस्त्यावर, पाठ करून उभी असेन. किंवा कधीच म्हणाली नसेल, मनात राहिलं असेल, आणि आज पहिल्यांदा म्हणाली असेल, त्याला. मला आठवत नाही, आणि जिला माहीत होतं ती आता चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. ती चिमी तिला सापडली होती. मी माझ्या हाताने करून दिली होती.

सिस्टरांनी सफरचंदाच्या पातळ फोडी आणल्या. आईने एक फोड घेतली, चावली, नीट चावली. दुसरी घेतली. चावता चावता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं, माझ्या पांढऱ्या कोटाकडे, आणि ती जरा सावध झाली. तिने त्याला शालीत ओढून घेतलं.

“दातवाल्या बाई,” ती म्हणाली, “हिचे दात सरळ करू नका हं. ती हट्ट करेल मोठी झाली की. करू नका. मला आवडतात ते.”

नाही करणार, मी म्हणाले. माझी जीभ आपसूक माझ्या पुढच्या दातांवरून फिरली. सरळ होते, गुळगुळीत, एकसारखे. मी खुर्ची जरा पुढे ओढली आणि आई पुढची फोड उचलते का, ते बघत बसले.